फेब्रुवारीतले साप

एल्म कुली, मोंटाना
११ फेब्रुवारी

श्रीमती बर्नडेट अझ्युअर,

काल दुपारी तुमच्या दुकानातून जी बाई पिस्तूल न घेता बाहेर पडली, ती मी. राखाडी कोट, काळी पर्स. तुमचं नाव दारावरच्या पाटीवरून घेतलं आहे. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते असा माझा शाळेतला अनुभव, म्हणून लिहून करते आहे.

मी जन्मभर बीजगणित शिकवलं आणि निवृत्त झाले ती मुख्याध्यापिका म्हणून. एखादी गोष्ट नाकारताना लोक कसे आडवळणं घेतात ते मला चांगलं कळतं. तुम्ही आडवळणही घेतलं नाहीत.

झालं ते असं. मी काचेखालचं एक छोटं रिव्हॉल्व्हर मागितलं. हलकं, पर्समध्ये मावेल असं. शेजारी चिठ्ठी होती, 'महिलांची पसंती'. तुम्ही ते काढलंत, चक्र उघडून रिकामी भोकं स्वतः पाहिलीत, मला दाखवलीत आणि मगच हातात दिलंत. मी चक्र बंद करायला गेले तर म्हणालात, "थांबा. मी बघितलं, आता तुम्ही बघा." मी म्हटलं, आत्ताच तर दाखवलंत. त्यावर तुम्ही म्हणालात, "दाखवलं की. तरी बघायचं. माझ्या सख्ख्या आईनं हातात दिलं तरी मी बघते, आणि तिला राग येत नाही." हे मला पटलं. एवढंच पटलं.

मग विचारलंत, कशासाठी हवं. मी सांगितलं, सापांसाठी. आमच्या कोठाराच्या पायाशी शेपटी वाजवणारे विषारी साप असतात, तुमच्याकडेही असतील. तुम्ही खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलंत. "बाई, साप आत्ता जमिनीखाली झोपलेत. मे उजाडेपर्यंत जांभईसुद्धा देणार नाहीत." मी म्हटलं, मी आगाऊ तयारी करणाऱ्यांतली आहे.

घरात दुसरी बंदूक आहे का, असं विचारलंत. नाही म्हटलं. नवऱ्याच्या होत्या. तो नोव्हेंबरात गेला आणि त्याच्या भावानं त्या नेल्या. इथं तुमचा चेहरा का बदलला ते मला कळलं नाही. तुम्ही रिव्हॉल्व्हर माझ्या हातातून घेतलंत, काचेखाली ठेवून कुलूप लावलंत, आणि दोन गिऱ्हाइकं पलीकडे काडतुसं बघत असताना, हळू आवाजात का होईना, मला विचारलंत, "स्पष्टच विचारते बाई. जीव द्यायचं मनात आहे का?"

असा प्रश्न परक्या माणसाला विचारत नाहीत. मी तिथं उत्तर दिलं नाही, इथंही देणार नाही. आज विकणार नाही असं तुम्ही सांगितलंत, शनिवारच्या बायकांच्या नेमबाजीच्या वर्गाला या म्हणालात, आणि कॉफी पुढे केलीत. ती मी घेतली नाही.

मला विकत घ्यायचा हक्क आहे तसा तुम्हाला न विकण्याचा आहे, हे मी जाणते. पण कारण मला लेखी हवं आहे.

व्ही. होवलँड

•

२४ फेब्रुवारी

श्रीमती अझ्युअर,

तुमचं कार्ड मिळालं. पुढच्या बाजूला ट्राउट मासा आणि मागं दोन ओळी: 'फेब्रुवारीत साप नसतात. शनिवारी एक खुर्ची रिकामी आहे.' याला कारण म्हणत नाहीत. माझ्या वर्गात एवढ्यावर अर्धे गुण मिळाले असते. तरी मी आले, ते तुम्ही पाहिलंतच. मला सांभाळावं लागतं असा कुणाचा समज राहू नये, एवढाच हेतू होता.

आता वर्गाबद्दल. तुमचं तळघर थंड आहे आणि कॉफी उकळून उकळून डांबर होते. पण पहिला सबंध तास तुम्ही कुणाच्या हाती एकही गोळी दिली नाहीत, याला पूर्ण गुण. प्रत्येक शस्त्र भरलेलंच आहे असं धरायचं, जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळीचं तोंड करायचं नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि निशाण्याच्या मागं काय आहे ते आधी बघायचं. हे तुम्ही आमच्याकडून पाढ्यांसारखं म्हणून घेतलंत. हल्ली शाळेतही इतकं कुणी म्हणून घेत नाही.

बँकेतल्या त्या शॉनानं मित्रानं वाढदिवसाला दिलेलं पिस्तूल आणलं होतं. तळहाताएवढं, जांभळ्या मुठीचं. मी मनात म्हटलं, मला हवं होतं ते असंच काहीतरी. तुम्ही तिला ते उडवू दिलंत. दुसऱ्याच गोळीनंतर तिनं ते खाली ठेवलं आणि अंगठ्याची बेचकी चोळत म्हणाली, "हे चावतं."

"चावणारच," तुम्ही म्हणालात. "पिस्तूल जेवढं लहान, तेवढी लाथ मोठी. वजन असलं की धक्का लोखंडात जिरतो, नसलं की तुझ्या मनगटात. आणि इथले सगळे बाप्ये बायकोला, आईला, मैत्रिणीला हेच आणून देतात. हलकं, गोंडस. ती एकदा उडवते आणि जन्मभर कपाटात ठेवते."

शॉना म्हणाली, "देणारासुद्धा हलकाच निघालाय."

सगळ्या हसल्या. मीही हसले, हे माझ्या घरी जाताना लक्षात आलं.

म्हणजे 'महिलांची पसंती' ही पसंती महिलांची नव्हेच. ती चिठ्ठी काढून टाका. कंपनी पाठवते म्हणून लावली, हे उत्तर मी विद्यार्थ्यांकडूनही ऐकून घेत नसे.

माझ्या हातात तुम्ही बावीस कॅलिबरचं जडसं पिस्तूल दिलंत. नाव मोठं नाही, गोळी बारीक, धक्का जवळजवळ नाहीच. पण माझे अंगठे संधिवातानं धरलेले, वरचा सरकता भाग, ती तुमची स्लाइड, मागे ओढवेना. मला तिथून निघून जावंसं वाटलं. तुम्ही मागून म्हणालात, "ओढू नका. वरचा हात नुसता घट्ट धरून ठेवा आणि खालच्या हातानं पिस्तूल पुढं ढकला. छातीजवळ आणून. जड दार ढकलतो तसं." सरकली. मला वाटलं होतं आता माझ्याच्यानं काही सरकणार नाही.

माझ्या सगळ्या गोळ्या डावीकडे गेल्या. रस्ता मोकळा असला तर पुढच्या शनिवारी येईन.

व्ही. होवलँड

ता.क. बुधवारी फोन करून तुम्ही आमच्याकडच्या रस्त्याची चौकशी केलीत. रस्त्याची चौकशी महामार्ग खात्याकडे करतात. तरी फोन आला ते बरं झालं.

•

१६ मार्च

बर्नडेट,

प्रत्येक शनिवारी तुम्ही मला एकच गोष्ट सांगत होता. चाप हिसकू नका बाई, लोणी कापतो तसा दाबा. मी ऐकत होते, कारण शिकणाऱ्यानं ऐकावं. पण काल मी तुम्हाला माझा निशाण्याचा कागद दाखवला. हिसका असता तर भोकं इकडेतिकडे विखुरली असती. माझी सगळी एका घोळक्यात आहेत, फक्त घोळका जागेवर नाही. जी चूक दर वेळी सारखीच होते ती हाताची नसते, मांडणीची असते. आकडेमोड करणाऱ्यांना हे कळतं.

तुम्ही मला दोन्ही तळहातांची खिडकी करून तीतून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलंत, मग एकेक डोळा मिटायला. मी उजव्या हाताची आणि डाव्या डोळ्याची निघाले, म्हणजे पिस्तूल उजवा हात धरतो आणि नेम डावा डोळा. पिस्तूल जरासं डावीकडे, डोळ्यासमोर आणलं, आणि पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, जिथं दिसत होती तिथंच गोळी गेली. तुम्ही कपाळाला हात लावलात. "हे पहिल्या दिवशी बघायचं असतं. प्रत्येकीचं बघते मी. तुमचंच राहिलं." का राहिलं, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, "तुमच्याकडे बघताना मी दुसरंच काहीतरी बघत होते ना."

यावर मी गाडीत बराच वेळ विचार केला.

दुसरं, लॉइडबद्दल. तुम्ही परत विचारलंत म्हणून एकदा सगळं लिहिते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. लॉइड माझा दीर. ऑर्विलच्या दफनाला आठवडा झाला नव्हता तेव्हा तो ट्रक घेऊन आला, कपाट उघडलं आणि सगळ्या रायफली, शॉटगन, आजोबांची ती जुनी बंदूकसुद्धा, कांबळ्यात गुंडाळून घेऊन गेला. म्हणाला, कपाटाला ओल येते. आमच्या घरात कपाटाला कधी ओल आलेली नाही. मला एका शब्दानं विचारलं नाही. भावाचं अंथरूण गार झालं नाही तोवर हात मारला, असं मी समजले आणि तेव्हापासून त्याला दारात उभं केलं नाही.

तुमचं म्हणणं वेगळं. "मी या भागात जन्मले, इथंच म्हातारी होतेय. बंदूक नसलेलं विधवेचं घर मी पाहिलेलं नाही. इथल्या घरात पीठ संपेल, पण बंदूक संपत नाही. कुणीतरी मुद्दाम उचलल्याशिवाय असं कपाट रिकामं होत नाही. म्हणून तर मी त्या दिवशी कुलूप लावलं. सापांची गंमत नंतर, आधी ते कपाट." आणि मग, "तो लोभी नाही. घाबरलेला आहे. जाऊन विचारा."

मला हे पटलेलं नाही. लॉइडला तुमच्यापेक्षा मी जास्त ओळखते. पण जाऊन येईन.

वर्ना होवलँड

•

९ एप्रिल

बर्नडेट,

जाऊन आले.

गायी विण्याचे दिवस आहेत. लॉइड गोठ्यात होता, कोपरापर्यंत बरबटलेला, पेंढ्यावर एक ओलं वासरू उठायचा प्रयत्न करत होतं. मला पाहून त्यानं टोपी काढली आणि परत घातली. मी म्हटलं, ऑर्विलच्या बंदुका कुठं आहेत ते मला बघायचं आहे. त्यानं हात धुतले आणि मला घरात नेलं.

पाहुण्यांच्या खोलीत, पलंगावर, गोधडीवर त्या एका शेजारी एक मांडलेल्या होत्या. तेल दिलेल्या, पुसलेल्या. एकही विकलेली नाही, एकही त्यानं वापरलेली नाही. त्या खोलीत तो पाहुण्यांना उतरवत नाही, म्हणजे हिवाळाभर उतरवलेलं नाही. मला एवढ्यानं पुरलं असतं. पण मी विचारायला गेले होते, म्हणून विचारलं. का नेल्यास?

तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मला वाटलं, वासराकडे जाईल. मग म्हणाला, "आईच्या वेळी कुणी उचलल्या नाहीत."

आता हे तुम्हाला सांगायला हवं. माझ्या सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेल्या. ऑर्विलनं मला सांगितलं होतं की बंदूक साफ करताना उडाली. आमच्या तालुक्यात बंदूक साफ करताना पुष्कळ माणसं जातात. उत्तर न पडताळता पुढं जाऊ नका असं मी मुलांना बजावत आले, आणि हे उत्तर मी संसारभर तसंच वागवलं.

सासरे त्याच्या आदल्याच शरदात गेलेले. दोघं भाऊ आईपाशीच होते. लॉइड म्हणाला, "आई पडदे धूत होती, बरण्या पुसत होती. आम्हाला वाटलं, सावरली. मी ऑर्विलला म्हटलं होतं, बाबांच्या बंदुका आपल्याकडं नेऊ. तो म्हणाला, लोक काय म्हणतील, बाप मेला नाही तर पोरं वाटण्या करतात. मग राहिल्या तिथंच." पुढचं तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

गोधडीचा कोपरा सारखा करत म्हणाला, "ऑर्विलनंच सांगितलं होतं. दवाखान्यात. मी गेलो की त्याच आठवड्यात ट्रक घेऊन जा म्हणाला. तिला विचारू नकोस, ती वाद घालेल."

घातलाच असता. ऑर्विल मला ओळखून होता. मरताना माणूस स्वतःच्या मरणाचा विचार करतो म्हणतात. हा माझ्या मरणाचा करत होता, आणि मला त्यानं सुगावा लागू दिला नाही.

मी लॉइडला म्हटलं, मग निदान नंतर तरी सांगायचंस. मी हिवाळाभर तुला चोर समजत होते.

"वर्ना," तो म्हणाला, "मला बोलता येत नाही. उचलता येतं. म्हणून उचलल्या."

ईस्टरला मी त्याला जेवायला बोलावलं आहे. हॅम मी करणार, पाव तो आणणार. तुमचं म्हणणं बरोबर होतं हे मी लेखी देते आहे. जपून ठेवा, असं मी फार जणांना दिलेलं नाही.

वर्ना

•

१८ मे

बर्नी,

काल लॉइडनं कोठाराच्या पायाशी या वर्षीचा पहिला साप मारला. फावड्यानं. सापाला पिस्तूल लागत नाही, हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे. ते आज देते. मी ते तोंडी देऊ शकले असते, शनिवारी भेटतोच. पण तोंडी देताना मी ते मऊ करून दिलं असतं.

उत्तर, होय.

त्या दिवशी मी भांडी घासून, पडदे धुऊन, मांजर पोस्टातल्या ईडिथकडे देऊन निघाले होते. फार रडत होते, असं नाही. रडत असते तर कुणाच्या लक्षात तरी आलं असतं. वर्ग सुटला आहे, सगळी मुलं गेली आहेत आणि मी पुसलेला फळा परत पुसत उभी आहे, असं मला नोव्हेंबरपासून वाटत होतं. आता दिवा घालवून घरी जावं, इतकी ती साधी गोष्ट वाटायची. साधी वाटणं हाच आजार होता, हे मला आता कळतं. तेव्हा ती अक्कल वाटत होती.

पाद्री विचारत, झोप लागते का. शेजारणी विचारत, जेवलीस का. मी दोन्हींना हो म्हणत असे. खरा प्रश्न तू एकटीनं विचारलास, तोही ओळखदेख नसताना, गिऱ्हाईक गमवून. लोकांना भीती वाटते की असं विचारलं तर माणसाच्या डोक्यात नसलेलं भरेल. माझ्या डोक्यात ते काठोकाठ होतं. तू विचारलंस आणि ते पहिल्यांदा माझ्या डोक्याबाहेर, काचेच्या कपाटावर, आपल्या दोघींच्या मधे आलं. तिथं ते मला दिसलं. दिसल्यावर राग आला. रागाच्या भरात पत्र लिहिलं, पत्राच्या उत्तराची वाट पाहिली, कार्ड आलं, शनिवार आला. वाट पाहणाऱ्या माणसाला जगावं लागतं. तू हे ठरवून केलंस की तुझ्या स्वभावात आहे, ते मी विचारत नाही.

तू माझ्या मागं लागलीस म्हणून केंद्रा नावाच्या डॉक्टरीणबाईकडे गेले. तिला मी एकदा बीजगणितात नापास केलं होतं, त्यामुळं जरा धाकधूक होती. तिनं औषध सुरू केलं आहे आणि दर आठवड्याला एका समुपदेशक बाईंशी बोलायला लावलं आहे. मी बोलते. मला स्वतःला आश्चर्य वाटतं, किती बोलते. मांजर परत आणलं. ईडिथनं दिलं, पण कुरकुरत.

मी कुणाचे आभार मानायला बसले की पत्र लहान होतं. हे लहान होत नाहीये. तुझ्यामुळं मी यंदा अंगणातले लिलॅक पाहिले. एवढं लिहून थांबते.

वर्ना

•

२२ ऑगस्ट

बर्नी,

तू कालपासून माझ्यावर रुसली आहेस, म्हणून माझी बाजू मांडते.

तू म्हणालीस, आता घे तुझं स्वतःचं. मी म्हटलं, घेते, पण सगळी उडवून बघितल्याशिवाय नाही. भाड्याची पिस्तुलं कशासाठी ठेवली आहेस. आधी तुझं आवडतं अडतीसचं पोलादी रिव्हॉल्व्हर घेतलं, लांब नळीचं. त्याला स्लाइड नाही, ओढायचं ढकलायचं नाही, वजन भरपूर, धक्का हातात कमी येतो. सगळं तुझं खरं. पण त्याचा चाप माझ्या बोटाला जड जातो, आणि चौथ्या पाचव्या गोळीला बोट थरथरतं. मग ते मोठं नऊ मिलिमीटरचं. धक्का मऊ, पण मूठ जाडी, चापापर्यंत बोटाचं नुसतं टोक पोचतं. एकीला छान बसलेला बूट दुसरीला चावतो, हे तूच दर शनिवारी सांगतेस. शेवटी मी फिरून त्या बावीसवर आले.

तू म्हणालीस, "अगं, बावीसनं चोर पळत नाही."

मी म्हटलं, एल्म कुलीत चोर आला तर तो रस्ता चुकलेला असणार. त्याला मी कॉफी देईन.

"मग घेतेस कशाला?"

या प्रश्नाला मी एकदा खोटं उत्तर दिलं होतं, म्हणून या वेळी नीट विचार करून दिलं. मला शनिवारी तुमच्या सगळ्यांच्या रांगेत उभं राहून लोखंडी तबकड्या पाडायच्या आहेत. गोळी लागली की टणकन आवाज येतो, तबकडी आडवी होते, आणि शॉना मागून काहीतरी वाह्यात बोलते. माझ्या आठवड्यात एवढा चांगला आवाज दुसरा नाही. माणसानं पहिलं पिस्तूल घ्यावं ते भीतीच्या मापानं घेऊ नये, हाताच्या मापानं घ्यावं. मी आता नव्या बायकांना स्लाइड ढकलायला शिकवते, तेव्हा त्यांनाही हेच सांगते. त्यातल्या निम्म्या अजून हलकं आणि गोंडस मागतात. शॉना त्यांना आपला अनुभव सांगते. तिनं जांभळं पिस्तूल परत केलं, आणि मित्रही.

तू कागद भरून घेतलेस, फोनवर सरकारकडे माझी चौकशी केलीस, आणि पिस्तूल अर्धं पुढं करून हात मागे घेतलास. म्हणालीस, अट आहे. कुलपाची लोखंडी पेटी, आणि किल्ली लॉइडकडं. मी हो म्हटलं. एका शब्दानं वाद घातला नाही, हे ऑर्विलला कुणीतरी कळवायला हवं होतं.

रुसवा सोड. गहू कापून झाला, लॉइडच्या म्हणण्याप्रमाणं बरा आला. येताना तुला अंगणातली मक्याची कणसं आणते.

वर्ना

•

२७ ऑक्टोबर

बर्नी,

हे पत्र लॉइड घेऊन येतो आहे. त्याच्या दुसऱ्या हातात माझी पेटी असेल. आत पिस्तूल आहे, रिकामं, पण तू बघशीलच. पेटी तुझ्या तिजोरीत ठेव आणि बर्फ वितळेपर्यंत मला देऊ नकोस.

घाबरू नकोस, आणि हे वाचून लगेच गाडी काढू नकोस. मी बरी आहे. भूक लागते, झोप लागते, औषध चालू आहे, काल चर्चच्या भोजनात मी दोन माणसांशी वाद घातला आणि दोन्ही जिंकले. पण पुढच्या आठवड्यात ऑर्विलला जाऊन वर्ष होईल. कुंपणाच्या वायरवर पहिला बर्फ धरला आहे, दुपार सरली की अंधार पडतो. डॉक्टर केंद्रानं मला सरळ सांगितलं, हा हिवाळा जड जाईलच असं नाही, पण जाऊ शकतो. मी तिच्याशी सहमत आहे. किल्ली लॉइडकडं आहे खरी, पण पेटी फोडायला हातोडा पुरतो, आणि हातोडा माझ्या स्वयंपाकघरात आहे. हे मला आज सुचलं म्हणून आजच पाठवते आहे.

मी बरी आहे म्हणूनच पाठवू शकते. बरी नसेन तेव्हा पाठवणार नाही. तेव्हा माझ्याजवळ ती घरात ठेवायची उत्तम कारणं असतील, मी ती मुद्देसूद मांडीन, आणि तुम्हा दोघांनाही पटतील. मला मी चांगली ओळखते.

लॉइडनं काल विचारलं, नेऊ का. तोंडानं विचारलं, बर्नी. पूर्ण वाक्य होतं. मी हो म्हटलं आणि त्यालाही बरं वाटलं, मलाही.

वसंतात परत घ्यायची तर सगळे कागद नव्यानं भरावे लागतील, असं तू म्हणाली होतीस. भरीन. माझ्या लग्नात, नोकरीत, कुणालाच माझ्याबद्दल इतक्या वेळा खात्री करून घ्यावीशी वाटली नव्हती. तुम्हा लोकांच्या या सवयीनं मी आज इथं टेबलापाशी बसले आहे. चुलीवर बीफचं सूप आहे, मांजर पायाशी आहे.

लॉइडला बसायला सांग. बसणार नाही, पण सांग. कॉफी उभ्यानंच पिईल आणि हवामानाबद्दल एखादं वाक्य बोलेल. त्याला उत्तर दे, घाई करू नकोस, दुसरं वाक्यही येतं.

शनिवारी येते आहे. भाड्यातलं ते जुनं, खरचटलेलं बावीस माझ्यासाठी बाजूला ठेव.

तुझी,
वर्ना